तळटीप : ‘दोन्ही नटसम्राट’

* संवाद कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कँटीनमधला. (‘पंचतारांकित’ हा औद्योगिक वसाहतीचा दर्जा, हॉटेलाशी संबंध नाही.) ‘दोन्ही’ म्हणजे वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या शोकांतिकेवरचे दोन चित्रपट : महेश मांजरेकरांचा मराठी (२०१६, नाना पाटेकर) आणि जयंत गिलाटर यांचा गुजराती (२०१८, सिद्धार्थ रांदेरिया). मराठीत विक्रम गोखल्यांचा रामभाऊ हा नायक अप्पा बेलवलकरांचा, नाटकात नसलेला मित्र आला. दोघांचे प्रसंग रंगले खरे, पण त्यांत बेलवलकरांचे घरातले दुःख जरा बाजूला पडले, असे आम्हांस वाटते. गुजरातीनेही मित्र ठेवला (मनोज जोशी). म्हणजे ते रूपांतर नाटकापेक्षा मराठी चित्रपटाचेच अधिक. ‘लागू बघितलेत का?’ या टोमण्यातले लागू म्हणजे श्रीराम लागू. रंगमंचावरचे पहिले अप्पा बेलवलकर तेच. – संपा.