घाटवाटा, वाटाडे आणि पर्यटनाचे व्यवसायशिक्षण : जुन्नर व आंबेगाव

पर्यटन हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात व्यवसायशिक्षण म्हणून आला, तो बराच अलीकडे. परंतु परक्या माणसास वाट दाखविणे, त्याच्या मुक्कामाची सोय लावणे आणि स्थळाचे माहात्म्य त्यास सांगणे, हा उद्योग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होत. येथील प्रवासाचा इतिहास आणि आजचे पर्यटनशिक्षण यांचा परस्परसंबंध कोणता, आणि तो तुटल्यास काय गमावले जाते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. मार्ग आणि प्रवासी

कल्याण बंदरातून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरास आणि तेथून पुढे पैठणास जाई. सातवाहनकालीन व्यापाराचा हा एक प्रमुख मार्ग होय. जुन्नरच्या भोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी खोदली गेली, त्यांचे कारण या मार्गाशी निगडित आहे. तेथील लेखांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने नमूद आहेत. पहिल्याने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, तर दुसऱ्याने भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिल्याचाही लेख आहे. दान भिक्षुसंघास होते हे खरे. तथापि पाणी, भोजन आणि निवारा या वाटसरूच्याच गरजा असतात, आणि त्यांचे मोल वाटेवर वावरणाऱ्या व्यापाऱ्यांस सर्वांहून अधिक ठाऊक होते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहामनी अमदानीत, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पावसाळ्यात जुन्नरास राहिला. येथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्मांतर केल्यासच तो परत देण्याची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितिनची त्यातून सुटका झाली. परदेशी व्यापारी धर्मशाळांत उतरतात व तेथील स्त्रिया त्यांच्यासाठी अन्न शिजवितात, असेही त्याने नोंदविले आहे. प्रवाशाच्या सोयी व प्रवाशाची असहायता, दोहोंचे चित्र त्याच्या वृत्तांतात एकत्र आढळते.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, १६७५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरास आला. गॅझेटियरकारांच्या मते वाटाड्यांच्या चुकीमुळे तो अवघड अशा आवपा घाटाने वर चढला, आणि परतताना मात्र सोप्या नाणेघाटाने उतरला. आवपा म्हणजे आंबेगाव तालुक्यातील आहुपे. नाणेघाटावर जकातीसाठी थांबविलेल्या मिठाच्या बैलांचा उल्लेखही त्याने केला आहे. मार्गदर्शनाच्या व्यवसायात अज्ञानाचे मोल नेहमी प्रवाशासच द्यावे लागते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

२. शिक्षणातील प्रवेश

पर्यटनाचा शासकीय पातळीवर पद्धतशीर विचार प्रथम १९४५ मध्ये नेमलेल्या सार्जंट समितीने केला. तिचे अध्यक्ष जॉन सार्जंट हे हिंदुस्थान सरकारचे शिक्षणविषयक सल्लागार होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रसिद्धी व माहितीपुस्तिका यांच्या जोडीने मार्गदर्शकांचे प्रशिक्षण हे कार्यही समितीने आवश्यक मानले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या व्यावसायिकीकरणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४–९५ पासून पदवीच्या पहिल्या पातळीवर व्यवसायविषय सुरू केले, त्यांत पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाचा समावेश होता. २०१४ मध्ये बी. व्होक. ही स्वतंत्र पदवी आली.

दरम्यान स्थानिक परिस्थितीही पालटली. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, आणि त्यातील बारा दुर्गांत शिवनेरीस स्थान मिळाले. अशा प्रकारे एका बाजूने अभ्यासक्रम आणि दुसऱ्या बाजूने मागणी, ही दोन्ही आज उपस्थित आहेत. प्रश्न उरतो तो आशयाचा.

३. आशयाची कसोटी

तिकिटे, हिशेब, निवासव्यवस्था आणि संभाषण यांचे शिक्षण आवश्यकच आहे; परंतु ते कोठेही सारखेच असते. जुन्नरच्या विद्यार्थ्यापाशी इतरांहून वेगळे असे जे आहे, ते त्याच्या भूमीचे ज्ञान. त्याची कसोटी तीन स्थळी पाहता येते.

पहिले स्थळ नाणेघाट. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे प्रवाशास सर्रास सांगितले जाते. तेथील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. कर्नल साइक्स याने १८२८ मध्ये तो उजेडात आणला व पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकांचा अभ्यास केला. त्या लेखात यज्ञांचे आणि दक्षिणेदाखल दिलेल्या गायी व कार्षापणे यांचे वर्णन आहे, जकातीचे नाही. घाटावर जकात घेतली जात असावी, हे अनुमान संभाव्य आहे, आणि सतराव्या शतकासाठी तर फ्रायरची साक्षही आहे. परंतु रांजणाची कथा ही लोकपरंपरा होय. ती सांगण्यास हरकत नाही. ती लेखाच्या नावावर खपविणे मात्र चूक होय.

दुसरे स्थळ लेण्याद्री. गिरिजात्मजाचे मंदिर म्हणजे येथील सर्वांत मोठा बौद्ध विहार, क्रमांक सातचे लेणे. अष्टविनायकाच्या यात्रेकरूस विहार दाखविला जात नाही, आणि अभ्यासकास यात्रा दिसत नाही. एकाच छताखालील दोन परंपरा कोणाचाही अवमान न करता समजावून सांगणे, हे कौशल्य पाठांतराने येत नाही.

तिसरे स्थळ आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरण. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते आंबेगाव या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे. जलाशयास हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. त्याचे गाव महाळुंगे पडवळ याच तालुक्यातील. १९३० मध्ये परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे होऊन त्याने प्राण दिला. पाण्याचे सौंदर्य दाखवून विस्थापित आदिवासी कुटुंबांविषयी मौन पाळणारा मार्गदर्शक अर्धेच स्थळ दाखवितो. शिवाय पश्चिम पट्ट्यातील रानवाटा, हिरडा आणि शेकरूचे अरण्य यांची खरी माहिती महादेव कोळी समाजापाशी आहे. त्या समाजातील मुलामुलींस केवळ स्वयंपाकी वा हमाल म्हणून या व्यवसायात स्थान मिळाले, तर शिक्षणाचा हेतूच विफल झाला असे म्हणावे लागेल.

४. निष्कर्ष

या परिसरातील पर्यटनशिक्षणास इतिहास हा पुरवणी विषय असू शकत नाही. तो व्यवसायाचे भांडवलच होय. प्राकृत लेखाचे वाचन, गॅझेटियरचा चिकित्सक उपयोग, वयोवृद्ध ग्रामस्थांकडून मौखिक माहितीचे संकलन आणि प्रत्यक्ष घाटवाटांवरील भ्रमण, ही चार अंगे अभ्यासक्रमात आली पाहिजेत. ‘लेखात असे आहे’, ‘विद्वानांचे अनुमान असे आहे’ आणि ‘लोक असे सांगतात’ हे तीन प्रयोग ज्यास वेगळे ठेवता येतात, तोच शिक्षित मार्गदर्शक. फ्रायरच्या वाटाड्यांनी त्यास चुकीच्या घाटाने नेले, तेव्हा एका प्रवाशाचे हाल झाले. चुकीचा इतिहास सांगणारा वाटाड्या मात्र दर दिवशी नव्या माणसास भलत्या वाटेने नेतो, आणि त्या माणसास आपण वाट चुकलो हे उमगतही नाही.