जमिनीखालचा विस्तव : कोरियन घराची जमीन नव्याने बांधली गेली तेव्हा

१/ हिवाळ्यात सोलचे तापमान कित्येक रात्री उणे १० अंशांखाली उतरते. तरीही कोरियन माणूस परंपरेने जमिनीवरच बसतो, जेवतो आणि निजतो; कारण घरातील सर्वांत उबदार जागा म्हणजे जमीनच. तिचे नाव ‘ओंदोल’. विसाव्या शतकात हीच जमीन जिवावर उठली आणि घरोघरी ती उकरून पुन्हा बांधावी लागली. त्या फेरबांधणीचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मूळ रचना अशी : स्वयंपाकघर खोलीपेक्षा सखल. चुलीचा जाळ आणि धूर भिंतीखालून थेट शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली शिरे. तेथे दगडमातीच्या आडव्या धूरवाटा, त्यांवर दगडी लाद्या आणि पलीकडच्या टोकाला धुराडे. एकाच सरपणावर भात शिजे आणि खोलीही तापे.

३/ चुलीजवळच्या लाद्या जाड, दूरच्या पातळ. म्हणजे ऊब शक्य तितकी सारखी पसरावी. तरीही चुलीलगतचा भाग अधिक उबदार राही. ती मानाची जागा घरातील वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची.

४/ लाद्यांवर मातीचे लिंपण, त्यावर कागदाचे थर आणि शेवटी तेल पाजलेला कागद. हा कागद केवळ शोभेचा नव्हता. धूर खोलीत येऊ नये म्हणून घातलेला तो बंदोबस्त होता. कोठे भेग पडलीच, तर लाकडाचा धूर स्वतःच वर्दी देई : डोळे चुरचुरत, ठसका लागे.

५/ कोरियन युद्ध (१९५०–५३) संपले तेव्हा डोंगर उघडे पडले होते, शहरे फुगत होती आणि सरपण दुर्मिळ झाले होते. त्याची जागा ‘योन्थान’ने घेतली : कोळशाच्या भुकटीची, आरपार भोके असलेली गोल वडी. स्वस्त आणि तासन्‌तास धुमसणारी. इंधन बदलले, जमीन मात्र जुनीच राहिली.

६/ घात झाला तो येथे. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. केसाएवढ्या भेगेतून तो बंद खोलीत शिरे आणि झोपलेले कुटुंब सकाळी उठतच नसे. १९६० आणि १९७० च्या दशकांत दर हिवाळ्यात शेकडो माणसे अशी दगावली. घरोघरी उपाय म्हणून मुळ्याच्या किमचीचे आंबट पाणी पाजले जाई.

७/ भेगा बुजवणे, धुराडे दुरुस्त करणे हे उपाय तोकडे पडले. खरे उत्तर एकच होते : विस्तव बाहेर ठेवायचा आणि फक्त ऊब आत आणायची. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराने टोकियोत एक कोरियन खोली अनुभवली होती. पुढे १९३७ साली मॅडिसन येथील जेकब्स घरात त्याने जमिनीखाली धुराऐवजी नळ घातले. कोरियातही अखेर नळांनीच धुराची जागा घेतली.

८/ मग जुन्या घरांत लाद्या निघाल्या, धूरवाटा मोडल्या, पोकळ्या भरल्या. सपाट केलेल्या जमिनीवर गरम पाण्याचे नळ वळणावळणाने अंथरले गेले आणि वर सिमेंटचा कोबा आला. पाणी तापवणारी भट्टी खोलीबाहेर गेली.

९/ या रचनेत उष्णतारोधक थर कळीचा ठरला. नळातले पाणी जाळाइतके तप्त नसते. खाली अडसर नसेल तर त्याची बरीचशी ऊब मातीत किंवा खालच्या मजल्याच्या छतात जिरते. म्हणून नळांखाली थर्मोकोलसारखा थर आणि हलके, सच्छिद्र काँक्रीट घालण्याची पद्धत रूढ झाली. ऊब साठवण्याचे दगडाचे काम आता कोबा करू लागला.

१०/ धूरवाटांची गरज संपताच ओंदोल दहाव्या मजल्यावरही चढले. कोरियातील उत्तुंग इमारतींमध्ये आजही जमीनच तापते, ती यामुळे. १९९० च्या दशकात गॅसने कोळशाच्या वडीला मागे सारले आणि हिवाळ्यातील ते मृत्यूही ओसरले.

११/ २०१८ साली दक्षिण कोरियाने ओंदोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. तोवर बहुतेक घरांतून चूल, लाद्या आणि धूर केव्हाच गेले होते. टिकली ती उबदार जमिनीवर एकत्र बसण्याची रीत. आणि ती टिकावी म्हणूनच जमीन मुळापासून बदलावी लागली होती.