गळाला लगाम : मासेमारीच्या काठीवरील हुक कीपर

गळाला लागणारा पहिला जीव मासाच असतो, असे नाही. अनेकदा तो मान गळ टाकणाऱ्याच्याच बोटाला, सदऱ्याच्या बाहीला किंवा मोटारीच्या आसनाला मिळतो. काठी हातात घेऊन पाण्याच्या एका जागेवरून दुसरीकडे जाताना दोराच्या टोकाशी लोंबणारा धारदार गळ कुठेतरी अडकवून ठेवावाच लागतो. त्यासाठी काठीवर, मुठीच्या थोडे पुढे, बसवलेली तारेची लहानशी कडी म्हणजे हुक कीपर. किमतीने क्षुल्लक आणि वजनाने नगण्य असा हा भाग. मात्र त्याची निवड आणि जागा चुकली, तर गळ फेकताना प्रत्येक वेळी त्याची आठवण होत राहते.

कारखान्यात तयार झालेल्या काठीवर ही कडी कुठे असावी, याचा निर्णय उत्पादकाने आधीच घेतलेला असतो. स्वतःच्या हाताच्या मापाने काठी बांधणाऱ्याला मात्र तो स्वतःच घ्यावा लागतो. अमेरिका, ब्रिटन, जपान आदी देशांत काठी बांधणे हा स्वतंत्र छंद आहे. काठीची मूळ पोकळ नळी, जिला ‘ब्लँक’ म्हणतात, तसेच कॉर्कची मूठ, रीळ बसवण्याची बैठक आणि दोर ज्यांतून जातो ते ‘गाइड’ असे सारे सुटे भाग विकत घेऊन छंदिष्ट मंडळी आपली काठी घडवतात. बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या घडणीच्या काठ्यांवरही मुठीपुढे अशी कडी आढळते. काठीचे साहित्य बदलले, तरी ही गरज बदललेली नाही.

कडी नसली तर...

कडी नसेल तर गळ सहसा दोन ठिकाणी अडकवला जातो : मुठीच्या कॉर्कमध्ये किंवा एखाद्या गाइडच्या कड्यात. दोन्ही सवयी नुकसानकारक आहेत. कॉर्कमध्ये रुतवलेल्या गळामुळे मूठ हळूहळू पोखरली जाते आणि पकडीच्या जागीच धारदार टोक राहते. गाइडच्या आतील कडे बहुधा सिरॅमिकचे असते. ते अतिशय कठीण, पण ठिसूळ असते. पोलादी गळाच्या धक्क्याने त्याचा कपचा उडू शकतो. हा कपचा डोळ्यांना दिसत नाही. पण त्यावरून सरकणारा नायलॉनचा तंगूस प्रत्येक फेकीत घासला जातो आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतो.

तिसरा धोका ब्लँकला असतो. १९७०च्या दशकापासून मासेमारीच्या काठ्यांमध्ये कार्बन तंतूंचा वापर रूढ झाला. या काठ्या हलक्या आणि ताठ असतात आणि त्यांच्या नळीची भिंत पातळ असते. वाकण्याचा ताण ती सहज सोसते. मात्र टोकदार वस्तूचा ओरखडा किंवा आघात तिला मानवत नाही. लोंबणारा गळ किंवा शिशाचे वजन वाटभर नळीवर आपटत राहिले, तर तेथे बारीक जखम होते आणि पुढे कधीतरी भर ताणात काठी त्याच जागी मोडते. दोष माशाच्या जोराला दिला जातो. कारण असते ते गळ बांधून न ठेवण्याच्या सवयीत.

कडीचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना चपटे पाय असलेली तारेची कमान. पाय दोऱ्याने काठीला बांधले जातात आणि कमानीखाली गळाचा वाक अडकतो. दुसऱ्या प्रकारात आडवे पडणारे छोटे वलय असते. गळ लावताना ते उभे करायचे, एरवी ते काठीला चिकटून राहते. फ्लाय रॉडवर, म्हणजे पिसांची कृत्रिम माशी फेकण्याच्या नाजूक काठीवर, हे वलय शोभून दिसते. तिसरा प्रकार सरकता आहे. प्लास्टिकचा किंवा धातूचा लहान आकडा रबरी वलयांनी काठीवर बसवला जातो. तो हवा तेव्हा हलवता वा काढता येतो, त्यासाठी काही चिकटवावे लागत नाही. तयार काठीवर कडी नसेल, तर हा उपाय सर्वांत सोपा. ऊन आणि खारे पाणी यांमुळे रबर तडकते, तेव्हा ते वेळोवेळी बदलणे आवश्यक असते.

निवड करताना दिसण्यापेक्षा गळाचा आकार पाहावा. बारीक माशीच्या गळाला लहान, सडपातळ वलय पुरते. त्रिशूळासारखी तीन टोके असलेला गळ मात्र अरुंद कमानीत शिरत नाही आणि शिरला तर निघत नाही. कमान फार बुटकी असेल, तर गळाचे टोक ब्लँकवर टेकून ओरखडे पाडते. फार उंच असेल, तर तीच तंगूस अडकवून घेते. आपण नेहमी वापरतो त्यांतील सर्वांत मोठा गळ सहज अडकेल एवढीच उंची पुरे. समुद्रकाठी वापरायच्या काठीवर केवळ मुलामा दिलेली तार टिकत नाही. स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची कडी घ्यावी आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावी.

जागा ठरते काठीवरून

कडीच्या जागेचे दोन भाग असतात : मुठीपासूनचे अंतर आणि काठीच्या गोलाईवरील बाजू. वजनाचा प्रश्न येथे गौण आहे. काठीच्या शेंड्याकडे वाढलेले अल्प वजनही जाणवते. हाताजवळच्या कडीचे वजन जाणवत नाही. त्यामुळे निर्णय घ्यायचा तो हात आणि दोर यांच्या वाटा पाहूनच.

स्पिनिंग प्रकारच्या काठीत रीळ आणि गाइड दोन्ही काठीच्या खालच्या अंगाला असतात. स्थिर रिळावरून तंगूस वेटोळी घेत सुटतो आणि पहिल्या गाइडपर्यंत पोहोचण्याआधी बराच फडफडतो. कडी त्याच बाजूला असेल, तर एखादे सैल वेटोळे तिच्यात अडकण्याची शक्यता असते. म्हणून अनेक बांधणारे ती विरुद्ध अंगाला, म्हणजे वर, किंवा बाजूला बसवतात. वर असलेली कडी नजरेसमोर राहते, हा आणखी एक लाभ.

बेटकास्टिंग काठीत सारे उलटे असते. रीळ आणि गाइड वर असतात, त्यामुळे कडी खाली किंवा बाजूला जाते. पण या काठीला रिळासकट तळव्यात धरताना तर्जनी मुठीपुढे येऊन ब्लँकला टेकते. खालची कडी मुठीला खेटून बसवली, तर ती नेमकी त्या बोटाला टोचते. ती बोटाच्या पल्ल्याबाहेर पुढे सरकवावी किंवा बाजूला न्यावी.

फ्लाय रॉडवर कडी परंपरेने कॉर्कच्या पुढेच, अगदी जवळ असते. येथे मोकळ्या हातात धरलेला जाड दोर मुठीजवळून सतत ये-जा करतो. कडी खालच्या अंगाला असल्यास सैल दोराचा पेच तिच्यात पडू शकतो. वरच्या अंगाला असल्यास काही जणांच्या अंगठ्याला लागते. आडवे पडणारे वलय दोन्ही अडचणी बऱ्याच कमी करते. बाजूला कडी हवी असेल, तर ती ज्या हाताने गळ अडकवायचा त्या हाताच्या बाजूला असावी, एवढे साधे सूत्र पुरे.

अंतर ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गळ कडीत घालून रीळ गुंडाळले की तंगूस शेंड्याकडे ओढतो आणि आमिष कडीपासून शेंड्याच्या दिशेने काठीलगत पडते. लाकडी वा प्लास्टिकच्या कृत्रिम माशाला दोन-तीन गळ असतील, तर तो संपूर्ण लांबीने मावेल एवढी जागा कडी आणि पहिल्या गाइडच्या दरम्यान हवी. अन्यथा पुढचा गळ गाइडवर आपटत राहतो.

आधी चिकटपट्टी, मग दोरा

कागदावर ठरवलेली जागा हातात चुकीची ठरते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून कडी आधी साध्या चिकटपट्टीने लावावी, रीळ चढवावे आणि मोकळ्या मैदानात गळाऐवजी छोटे वजन बांधून पंचवीस-तीस वेळा फेकून पाहावे. बोटाला लागते का, तंगूस अडकतो का, अंधुक उजेडात ती चाचपून सापडते का, हे एवढ्यात कळते. एक सेंटिमीटर पुढे-मागे करणे या टप्प्यावर क्षणाचे काम. नंतर मात्र वाळलेले आवरण खरवडून काढावे लागते.

जागा पक्की झाल्यावर कडीच्या पायांची टोके कानशीने निमुळती करावीत. टोक जाड राहिले, तर दोऱ्याचे वेढे तेथे चढताना फट सोडतात. बांधणी ब्लँकवरून सुरू करून पायावर न्यावी, वेढे एकमेकांना लागून घ्यावेत आणि शेवटचे टोक वेढ्यांखालून ओढून घ्यावे. त्यावर दोन भागांचे इपॉक्सी समप्रमाणात, सावकाश मिसळून पातळ थराने द्यावे. ते ओघळू नये म्हणून काठी आडवी ठेवून संथपणे फिरवत राहावी लागते. कमानीखाली इपॉक्सी साचून ती बुजणार नाही, याकडे लक्ष हवे. बुजलेली कडी म्हणजे केवळ एक टेंगूळ.

कडी नको असेल तर

अनुभवी फ्लाय-मासेमारांपैकी काही जण कडी बसवतच नाहीत. त्यामागे कारण आहे. जाड दोराच्या पुढे जोडलेला ‘लीडर’ हा पारदर्शक धागा बहुधा काठीइतकाच, नऊ फुटांच्या आसपास असतो. माशी मुठीजवळच्या कडीत अडकवली, तर दोर आणि लीडर यांची गाठ शेंड्याच्या गाइडमधून आत येते आणि पुन्हा फेकताना ती खेचून बाहेर काढावी लागते. त्याऐवजी लीडरला रिळामागून वळसा देऊन माशी वरच्या एखाद्या गाइडच्या तारेच्या पायात अडकवली, की गाठ बाहेरच राहते. अडकवायचे ते तारेच्या पायात, सिरॅमिकच्या कड्यात नव्हे.

आपल्याकडे पवई तलावाच्या काठी असो वा कोकणच्या खडकांवर गरी टाकणाऱ्यांमध्ये, तयार काठ्याच अधिक दिसतात. अशा काठीवर कडी नसेल किंवा असलेली बोटाला सलत असेल, तर रबरी वलयांची सरकती कडी लावून जागेचा शोध घेता येतो. कोणत्याही कडीत गळ अडकवल्यावर तंगूस ताठ होईल इतपतच गुंडाळावा. शेंडा वाकेपर्यंत ताणलेली काठी दाराच्या चौकटीला लागली, तरी मोडू शकते.

काठी एकाच हातासाठी बांधली जाते आणि कडीची योग्य जागा तो हातच सांगतो. ती जागा साधली की दिवसभरात कडीची आठवणही होत नाही. घरी परतताना गळ तिच्यात असतो आणि बोटे शाबूत असतात.