जाव्हेलचा काठ

फ्रान्समधल्या गृहिणी कपडे शुभ्र करायला जे क्लोरीनचे पाणी वापरतात, त्याला 'जाव्हेलचे पाणी' म्हणतात. हे जाव्हेल म्हणजे सीन नदीच्या काठी, एकेकाळी पॅरिसच्या वेशीबाहेर असलेले खेडे. राज्यक्रांतीपूर्वीच तेथे रसायनांचा कारखाना निघाला आणि बर्थोले या शास्त्रज्ञाच्या शोधामुळे गावाचे नाव घरोघरीच्या मोरीपर्यंत पोचले. गाव पुढे शहरात विरले. नाव तेवढे बाटलीत राहिले!

1915 साली याच काठावर आंद्रे सित्रोएन नावाच्या इंजिनियरने तोफगोळ्यांचा कारखाना उभारला. पुरुष आघाडीवर गेलेले. गोळे घडवायला हजारो बायका आल्या. युद्ध संपले आणि 1919 मध्ये त्याच आवारातून मोटारी बाहेर पडू लागल्या. सित्रोएन मोठा हौशी गृहस्थ! 1925 पासून त्याचे नाव आयफेल टॉवरवर विजेच्या दिव्यांनी झळकत असे. पण 1933 मध्ये कामगारांनी मजुरीकपातीविरुद्ध संप केला, 1934 मध्ये दिवाळे वाजले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. कारखाना दुसऱ्यांच्या हाती चालत राहिला. 1970 नंतरच्या दशकात तोही तेथून उठला.

माझे वडील सूतगिरणीत होते. आम्हां पोरांना नदी दिसे ती गिरणीच्या पाठभिंतीवर चढूनच. त्यामुळे जाव्हेलची हकीकत वाचताना माझा पहिला प्रश्न हाच, की लोकांना नदी मिळाली का?

मिळाली. 1985 मध्ये उद्यानाच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. निवड दोन गटांची झाली आणि गंमत म्हणजे दोघांना मिळूनच काम करावे लागले. 1992 मध्ये सुमारे 14 हेक्टरांचे उद्यान खुले झाले. मधोमध लांबलचक हिरवळ, ती थेट सीनपर्यंत गेलेली. आड येणारा लोहमार्ग पुलावर चढवला, माणसे खालून नदीकडे जातात. दोन उंच काचघरांच्या मधल्या फरसबंदीतून कारंजी उसळतात आणि पोरे त्यांत चिंब होतात. गिल क्लेमाँ या माळ्याने (तो स्वतःला माळीच म्हणवतो) एका कोपऱ्यात 'हलती बाग' केली आहे. तिथे बी पडेल तिथे रोप रुजते आणि पायवाट त्याला वळसा घालून जाते. मला ही बाग सर्वांत आवडली.

एक गोष्ट खटकते. उद्यानाला नाव मिळाले ते आंद्रे सित्रोएनचे. गोळे घडवणाऱ्या त्या बायकांचे कुठे आहे?

अण्णांना मी उद्यानाची छायाचित्रे दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती एकेक करून पाहिली, कारंजी पुन्हा एकदा पाहिली.

"बाग झकास आहे रे," ते म्हणाले. "पण भोंगा कुठल्या अंगाला होता?"