‘वातपान’ ते ‘खिडकी’ : एका नित्याच्या शब्दाचा इतिहास

‘निब्बान’, ‘अनत्ता’, ‘पटिच्चसमुप्पाद’ या शब्दांची चिकित्सा आपल्याकडे पुष्कळ होते. घरातील नित्याच्या शब्दांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक सामान्यजनांचा इतिहास ग्रंथांपेक्षा अशा शब्दांतच अधिक टिकून राहतो. ‘खिडकी’ हा असाच एक शब्द होय. तो कोठून आला आणि बुद्धकाळी त्या वस्तूला काय म्हणत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम पालीकडे वळू. पाली वाङ्मयात खिडकीसाठी रूढ असलेला शब्द ‘वातपान’ हा आहे. ‘वात’ म्हणजे वारा, हे उघड आहे. ‘पान’ या उत्तरपदाचा उलगडा दोन प्रकारे करता येतो, कारण ‘पा’ या धातूचे पिणे आणि रक्षण करणे असे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ घेतल्यास वारा पिणारी ती खिडकी. दुसरा घेतल्यास वाऱ्यापासून राखणारी ती खिडकी. संस्कृतातील ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याचा मार्ग. ‘आलोकसन्धि’ असाही एक शब्द विनयात येतो. त्यात वाऱ्याऐवजी उजेडाला मान मिळाला आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात या वस्तूचा इतिहास जणू टप्प्याटप्प्याने नोंदविलेला आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने भिक्खूंसाठी एका दिवसात साठ विहार बांधविले, अशी कथा तेथे येते. पुढे विहारांना वातपाने नसल्याने आत दिसेनासे झाले व दुर्गंधी साचू लागली. ही अडचण कळल्यावर भगवंतांनी तीन प्रकारच्या वातपानांना अनुज्ञा दिली : वेदिकावातपान, जालवातपान आणि सलाकवातपान. म्हणजे कठड्याच्या घाटाची, जाळीची आणि सळ्यांची खिडकी. नंतर त्यांतून खारी व वटवाघळे आत शिरू लागली, म्हणून पडद्याची अनुज्ञा झाली. तोही पुरेना, तेव्हा झडपेची, म्हणजे ‘वातपानकवाटका’ची, आणि फट बुजविण्यासाठी लहान गादीची अनुज्ञा देण्यात आली. यातील कोणताही नियम आधी ठरवून लादलेला नाही. अडचण दिसली, ती सांगितली गेली आणि तेवढ्यापुरता उपाय योजला गेला. विनयाची घडण समजून घेण्यास हे एक प्रकरणही पुरेसे आहे.

वत्तक्खन्धकात तर खिडकीच्या वापराचेही नियम आहेत. थंडीच्या दिवसांत वातपाने दिवसा उघडी ठेवावीत व रात्री लावावीत. उन्हाळ्यात दिवसा लावावीत व रात्री उघडावीत. ज्या दिशेने धुळीचा वारा येत असेल त्या दिशेची वातपाने बंद करावीत. उजेड, वारा आणि स्वच्छता यांचा विचार भिक्खूच्या आचारधर्माचाच भाग मानला गेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. धम्म म्हणजे केवळ चिंतन, असे मानणाऱ्यांनी हे नियम अवश्य वाचावेत.

महाराष्ट्रातील लेण्यांत या परंपरेचे दगडी रूप दिसते. भाजे, कोंडाणे, बेडसे, कार्ले, कान्हेरी येथील चैत्यगृहांत दर्शनी बाजूच्या मोठ्या वातायनातून येणारा उजेड आतील स्तूपापर्यंत पोहोचतो. या पिंपळपानाकृती कमानीला कलेतिहासात ‘चैत्यगवाक्ष’ म्हणतात. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. दर्शनी भागांवर पुन्हापुन्हा कोरलेली वेदिकेची नक्षी लाकडी कठड्याची नक्कल आहे, हे सहज ओळखू येते.

आता ‘खिडकी’. या शब्दाचा ‘वातपान’ किंवा ‘गवाक्ष’ यांच्याशी काहीही संबंध नाही. प्राकृतात ‘खडक्की’ असा शब्द आहे व त्याचा अर्थ लहान दार असा होतो. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’, ‘खटक्किका’ अशी रूपे आडदार किंवा खाजगी दार या अर्थाने येतात. परंतु त्यांचे रूप पाहता लोकभाषेतील शब्दालाच संस्कृत पेहराव चढविला असावा, असे दिसते. बंगालीत ‘खिडकी’ म्हणजे आजही घराचे मागील दार. म्हणजे जे मूळचे लहान दार, तेच मराठीत पुढे भिंतीतील झरोका झाले.

हा अर्थबदल चमत्कारिक नाही. गोव्यात कोंकणी बोलणारे खिडकीला ‘जनेल’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘जनेला’वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील दारवाचक शब्दाचे लघुरूप आहे. फारसी ‘दरीचा’ म्हणजेही लहान दारच. याउलट इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. त्यात आपले वातायन आणि गवाक्ष जणू एकत्र आले आहेत. वारा, डोळा आणि दार या तीन कल्पनांनीच निरनिराळ्या समाजांनी या वस्तूचे नामकरण केले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक मराठी शब्द संस्कृतातून आला, हा आग्रह जसा अशास्त्रीय, तसाच प्रत्येक शब्द पालीतून आला, हा आग्रहही अशास्त्रीयच. ‘खिडकी’ पालीतून आलेली नाही. ती प्राकृत लोकभाषेची देणगी आहे. ‘वातपान’ हे नाव मराठीत उरले नाही. मात्र त्याच्या अवयवांची नावे उरली आहेत. ‘जाल’ची जाळी झाली, ‘सलाका’ची सळी व सळई झाली, ‘कवाट’चे कवाड झाले. ‘वग्गुली’ या पाली शब्दात मराठी वाघूळही ओळखू येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईतील इमारतींकडे पाहावे. वाशीपासून बेलापूरपर्यंत सदनिकांच्या खिडक्यांना लोखंडी सळ्या आणि डासांची जाळी बसविलेली दिसते. सलाकवातपान आणि जालवातपान यांची ही आजची रूपे होत. रेल्वे स्थानकावरील तिकीट खिडकीत तर या शब्दाचा जुना अर्थही थोडासा जागा आहे. तेथे आपण वाऱ्यासाठी किंवा उजेडासाठी जात नाही, तर देवघेवीसाठी जातो. ते एक लहान दारच असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. पाली शब्दांचे अर्थ मराठीसह अनेक भाषांत देण्याची त्या कोशाची योजना पाहिली, म्हणजे पाली ही त्यांनी केवळ ग्रंथांची भाषा मानली नव्हती, हे पटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली व प्राकृत या तिन्ही भाषांना केंद्र सरकारने अभिजात दर्जा दिला. त्यांतील परस्परसंबंध शोधण्याचे काम आता अधिक नेटाने व्हावयास हवे. त्याचा प्रारंभ आपल्या वाचकांना घरापासूनच करता येईल. गावाकडील वडीलधाऱ्यांना खिडकी, तिची झडप, तिचा अडसर, माळवदाच्या छतात उजेडासाठी ठेवलेले भोक यांची नावे विचारावीत व लिहून ठेवावीत. मातीची घरे पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या अवयवांची नावेही जात आहेत. भिक्खुसंघाने आपल्या खिडक्यांची नोंद ठेवली, म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वीचे घर आज आपल्याला आतून पाहता येते.