जातीय रहदारी

आदिलाबाद शहराला खेटून असलेल्या मावल्यावरून जो हमरस्ता जातो, तो पूर्वीचा 7 क्रमांकाचा व आताचा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होय. आणि नागपुराकडून पैनगंगा ओलांडून हैदराबादेच्या दिशेने निघालेल्या मराठी प्रवाशास तेलुगू अक्षरे लावता येत असतील, तर या मार्गाचे तेलुगू नाव वाचून तो क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही, कारण ते नाव आहे 'जातीय रहदारी'. दोन्ही शब्द त्याच्या घरातले, आणि तरीही त्यांची जोडणी त्याला परकी वाटते. जातीय म्हटले की त्याच्या मनात तेढ आणि दंगे उभे राहतात, रहदारी म्हटले की गाड्यांची वर्दळ दिसते. तेलुगू वाचकाला मात्र पहिल्या शब्दात एका राष्ट्राची अवघी प्रजा आणि दुसऱ्यात खुद्द राजमार्ग दिसतो.

अशा प्रसंगी मला चीन आणि जपान या देशांची आठवण होते. जपानने आपली चित्राक्षरे चीनकडून घेतली, परंतु अक्षर एक राहूनही अर्थ दुभंगले: ज्या चिन्हाचा जपानी वाचक 'मुलगी' असा अर्थ घेतो, त्याच चिन्हात चिनी माणसाला आई दिसते, जे जपानात कढत पाणी, ते चीनमध्ये जेवणातले सार, जे जपानात धावणे, ते चीनमध्ये चालणे. यांतील मौज अशी की धावणे व कढत पाणी हे अर्थ प्राचीन चिनी ग्रंथांतलेच आहेत. ते मूळ घरी मागे पडले आणि समुद्रापलीकडे, उसनवारी करणाऱ्याच्या घरी, जतन झाले.

आमच्याकडे चिन्हाच्या जागी संस्कृत शब्द आहे, आणि लिपी भिन्न असली तरी प्रकार तोच आहे. 'राष्ट्र' हा शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ अवघा देश. तेलुगूत 'राष्ट्रम्' म्हणजे त्या देशातील एक घटक राज्य. यात तेलुगूची चूक आहे असे वाटत असेल तर राष्ट्रकूटांचे ताम्रपट पाहावेत: त्यांत 'विषयपति' हा जिल्ह्याचा अधिकारी आणि 'राष्ट्रपति' हा त्याच्याहून मोठ्या प्रांताचा, म्हणजे राष्ट्र हा राज्याचा एक विभागच होता. तो जुना अर्थ तेलुगूने सांभाळला, आणि महाराष्ट्र हे आपल्या भूमीचे नाव त्याच अर्थाची खूण अंगावर वागवीत असताना आपण मात्र तो विसरलो. रहदारीची कथा याहून वेगळी, कारण फारसीत वाटेची राखण करणाऱ्याने घेतलेल्या जकातीला ते नाव होते. वाटेवरचा तो कर सरला, आणि त्याच्या शब्दातून मराठीने वाटेवरची ये-जा उचलली, तेलुगूने वाट उचलली.

येथवरचे सारे दुराव्याचे झाले. मला अधिक विलक्षण वाटते ती उलट बाजू. हिंदी ही मराठीची सख्ख्या गोतातली भाषा, दोघींची लिपीही एक. तेलुगूचे कुळ निराळे, द्राविडी. असे असता 'शिक्षा' या शब्दाचा अर्थ हिंदीत विद्या, तर मराठीत आणि तेलुगूत दंड! वेदांगांपैकी एकाचे नावच शिक्षा आहे, तेव्हा मूळ अर्थ हिंदीने राखला हे खरे. पण मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिघी दख्खनी शेजारणी एकाच वाटेने त्या अर्थापासून दूर गेल्या. 'राजीनामा' हा फारसी शब्दही तसाच. मूळचा तो संमतिपत्र, आणि हिंदीत आजही वादी-प्रतिवादींच्या तडजोडीला तेच नाव आहे. मराठीत व तेलुगूत मात्र तो पदत्याग. संमतीतून त्याग कसा निघाला, याचा उलगडा महसुली दप्तरात होतो: मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा रयत सरकारास राजीनामा लिहून देई आणि ती नव्याने घेणारा कबुलायत देई, त्यामुळे राजीखुशीच्या कागदाला सोडण्याचा अर्थ आपोआप चिकटला. शब्दाचे नाते रक्ताने ठरते असे आपण समजतो. माझ्या मते ते पुष्कळदा कचेरीच्या ओसरीवर ठरते.

आणि मावल्याच्या परिसराची कचेरी शतकानुशतके एकच होती. निजामाच्या राज्यात 1884 साली फारसीची जागा उर्दूने घेतली, 1905 साली आदिलाबादेस पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला, आणि मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारे रयत एकाच अमलाखाली आपले अर्ज घेऊन उभे राहिले. येथील गोंडांच्या मुलांसाठी 1940 नंतरच्या दशकात मार्लवाईच्या शाळेतून जी गोंडी पुस्तके तयार झाली, तीही नागरी लिपीत होती, ही गोष्ट मराठी माणसाने आवर्जून ध्यानात ठेवावी. मग 1956 साली भाषावार राज्ये झाली. किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि एकाच जिल्ह्याचे शब्द दोन दप्तरांत विभागले गेले.

त्यानंतर घडलेल्या शब्दांना सामाईक ओसरी लाभली नाही. आंध्र प्रदेशाने 1985 साली तालुके मोडून 'मंडले' केली, आणि 2016 साली तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा मावलाही मंडलाचे ठिकाण झाले. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात तालुका अजून तालुकाच आहे, आणि मंडळ म्हणजे त्याच्या पोटातला काही गावांचा महसुली गट. मावल्याचा मराठी शेतकरी पलीकडच्या सोयऱ्याला आपले गाव आता मंडल झाले असे सांगतो तेव्हा त्या सोयऱ्याला तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी आठवतो, आणि सांगणाऱ्याच्या मनात तहसीलदाराची कचेरी असते.