ग्रंथसंग्रहाकडून ग्रंथपरीक्षेकडे : वत्सगुल्माचा ताम्रपट, महापदेश आणि विद्यापीठ ग्रंथालय

वाशीम नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त विदर्भातील नगर म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. तथापि हे नगर वाकाटक वंशाच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत इतिहासकारांना ठाऊक नव्हती. इ. स. १९३९ मध्ये वाशीम येथील द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षात तो वत्सगुल्माहून दिलेला आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून दानाचा भाग प्राकृतात आहे.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेख विद्वानांना त्यापूर्वीच परिचित होता. हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, हे त्या लेखावरून समजते. परंतु लेख झिजलेला असल्याने प्रारंभीच्या वाचनात प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव चुकीचे लावले गेले होते. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यानंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि 'सर्वसेन' हे नाव निश्चित केले. दोन साधने एकमेकांशेजारी ठेवताच एका विस्मृत राजशाखेचा इतिहास उलगडला आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा आश्रयदाता राजवंश वत्सगुल्माचा होता, हे स्पष्ट झाले. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा ग्रंथ १९५७ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

हा वृत्तांत येथे सांगण्याचे कारण असे की, विद्यापीठ ग्रंथालयांच्या भवितव्याविषयी आज जी चर्चा चालते ती बहुतांशी संग्रहाची चर्चा असते. किती ग्रंथ आहेत, किती नियतकालिके संगणकावर उपलब्ध आहेत, किती निधी मिळाला, हेच प्रश्न विचारले जातात. अजिंठ्याचा लेख उपलब्ध नव्हता असे नाही. तो भिंतीवर कोरलेला होता आणि छापूनही झाला होता. उणीव होती ती दुसऱ्या साधनाशी ताडून पाहण्याची. ग्रंथालयाचे खरे कार्य ही परीक्षा शक्य करणे आणि ती शिकविणे हे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ज्या शिक्षणाला आज 'माहिती साक्षरता' म्हणतात, त्याला हे नाव १९७४ मध्ये अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी दिले. आपल्याला कोणती माहिती हवी आहे हे ओळखणे, ती शोधणे, तिची विश्वसनीयता तपासणे व तिचा उचित उपयोग करणे, असा त्याचा आशय आहे. नाव नवे असले तरी त्यामागील विचार बौद्ध परंपरेला नवा नाही. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील आनंद चैत्यात तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादे वचन प्रत्यक्ष तथागतांच्या मुखातून ऐकले असे कोणी सांगेल. कोणी स्थविरांसह असलेल्या संघाचे, कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांचे, तर कोणी एका बहुश्रुत स्थविराचे नाव घेईल. चारही प्रसंगी नियम एकच आहे. त्या वचनाचे लगेच अभिनंदन करू नये आणि त्याचा धिक्कारही करू नये. त्याची पदे व व्यंजने नीट समजून घेऊन ती सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावीत. जुळली तर स्वीकारावीत, न जुळली तर सोडून द्यावीत. सांगणाऱ्याचा अधिकार कितीही मोठा असला तरी या परीक्षेतून सुटका नाही, हा या उपदेशाचा गाभा होय. अंगुत्तर निकायातील कालामांना केलेला उपदेश आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. महापदेशांचा उल्लेख मात्र त्या मानाने कमी होतो. वस्तुतः ग्रंथपरीक्षेची प्रत्यक्ष रीत तेथेच दिलेली आहे.

केवळ संग्रह किती असुरक्षित असतो, याची साक्ष नालंदा देते. रत्नसागर, रत्नोदधी व रत्नरंजक अशी तेथील ग्रंथालयाच्या इमारतींची नावे तिबेटी परंपरेने जतन केली आहेत. त्या इमारती नष्ट झाल्या, त्यांतील ग्रंथही गेले. मात्र ह्युएन त्संग याने भारतातून ६५७ ग्रंथ ५२० बांधणींत चीनला नेले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या भाषांतरात वेचले. ज्या परंपरेत ग्रंथांचे अध्ययन, पाठभेदांची तुलना व भाषांतर होत राहिले, तेथे धम्मसाहित्य टिकले. ग्रंथ जपणारी भिंत कोसळू शकते; ग्रंथ वाचणारी शिष्यपरंपरा त्याहून चिवट असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात संग्रह आणि परीक्षा या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात आणि पुढे लंडनच्या ग्रंथालयांत त्यांनी केलेले अध्ययन सर्वश्रुत आहे. दादर येथील 'राजगृह' हे निवासस्थान त्यांनी ग्रंथांचा विचार करून बांधले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी ग्रंथालयाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात आहे. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते ते सर्वच स्वीकारता येत नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी मज्झिम निकायातील पाच सुत्तांचा निर्देश केला आहे : अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक. अरिट्ठ आणि साति या भिक्षूंनी तर तथागतांच्या हयातीतच त्यांच्या मुखी विपरीत मत घातले होते. प्रत्यक्ष शास्ता विद्यमान असताना जे घडले ते पुढे अनेक पटींनी घडणार, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि वचनाच्या परीक्षेसाठी बुद्धिसंगत व तर्कसंगत असणे ही कसोटी पुढे ठेवली.

आज ही परीक्षा किती निकडीची झाली आहे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. भ्रमणध्वनीवरून रोज बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या नावाने वचने फिरत असतात. त्यांच्यासोबत ग्रंथाचे नाव नसते, खंड नसतो, पृष्ठ नसते. अलीकडे संगणकाला प्रश्न विचारताच तो सुबक उत्तर रचून देतो. परंतु त्यात कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचा हवाला असतो. विरोधकांनी बाबासाहेबांच्या नावावर खोटे वचन खपविले तर आपणांस संताप येतो. मात्र आपल्या भावनेला रुचणारे खोटे वचन आपणच पुढे पाठवितो, तेव्हा अरिट्ठाचीच चूक पुन्हा घडत असते. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथांपासून दूर ठेवले गेले, त्याची ग्रंथसंपदा अशा रीतीने भेसळयुक्त होणे ही हानी लहान नव्हे.

साधनांची उणीव मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या संपादनात वसंत मून यांचे परिश्रम चिरस्मरणीय आहेत. भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून त्रिपिटकाची देवनागरी आवृत्ती ४१ खंडांत निघाली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथा व टीकांसह १४० खंड देवनागरीत छापले आणि तेच वाङ्मय संगणकावरही आणले. 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' ही केंद्र शासनाची योजना सुरू झाली. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके असून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. योजना मुख्यतः केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. म्हणून खाजगी संस्थांनी चालविलेल्या ग्रामीण महाविद्यालयांना तिचा लाभ कसा मिळेल, हा प्रश्न विद्यापीठांनी उचलून धरला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हटले आहे. नाव बदलले, त्या नावाला साजेसे अध्यापन तेथे सुरू होणे अगत्याचे आहे.

ते अध्यापन खर्चिक नाही. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील वाशीम जिल्ह्याच्या कोणत्याही महाविद्यालयात ग्रंथपाल व अध्यापक यांनी मिळून आठवड्याला एक तास दिला तरी प्रारंभ होईल. विद्यार्थ्याला एक वचन द्यावे आणि ते कोणत्या निकायात, कोणत्या सुत्तात आहे हे शोधावयास सांगावे. बाबासाहेबांचे म्हणून प्रसृत झालेले एक वाक्य शासकीय खंडांत सापडते काय, सापडल्यास मागचापुढचा संदर्भ कोणता, हे त्याने पाहावे. मराठी अनुवाद मूळ इंग्रजीशी, आणि तो पाली शिकत असेल तर पालीशी, ताडावा. आपल्याच नगराचा ताम्रपट व अजिंठ्याचा लेख मिराशींच्या १९६३ च्या लेखसंग्रहात शेजारी ठेवून वाचावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पाली, प्राकृत आणि मराठी या तिन्ही भाषांना केंद्र शासनाने अभिजात दर्जा जाहीर केला. त्या दर्जाची सार्थकता अशा तासांतूनच सिद्ध होईल.

हीच रीत विहारातही पाळता येईल. विहाराच्या फलकावर जे वचन लिहिले जाते त्याखाली सुत्ताचे अथवा खंडाचे नाव व पृष्ठ लिहिण्याचा नियम केला, तर लहान मुलांनाही 'हे कोठे आहे?' असे विचारण्याची सवय लागेल. हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. तथागतांनी भोगनगरात भिक्षूंना जे सांगितले त्याचेच ते पालन होय.